गालात दाब, डोळ्यांमागे ठणका आणि धरलेली मान: ऑपरेशनची घाई कशाला?

प्रश्न: माझं वय 39. वारज्याहून हिंजवडीला रोज स्कूटरने जाते, दिवसभर लॅपटॉपवर काम असतं. चार वर्षांपासून महिन्यातून पाच-सहा वेळा डोकं दुखतं. सुरुवात बहुतेक वेळा मानेच्या मुळाशी उजवीकडे होते. मग डोळ्यांच्या मागे आणि गालाच्या हाडांवर दाब येतो, नाक चोंदतं, उजव्या डोळ्याला पाणी येतं. खाली वाकलं की ठणका वाढतो. एखाद दिवस, कधी दोन दिवस चालतं. कधी उलटी होते आणि मग बरं वाटतं, म्हणून सासूबाई म्हणतात पित्त आहे. सर्दीची गोळी महिन्यातले चौदा-पंधरा दिवस तरी घेतली जाते. नाक मोकळं करणारे थेंब दीड वर्षापासून रोज रात्री. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. सीटी स्कॅनमध्ये ‘सायनसच्या अस्तराला किंचित सूज, नाकाचा पडदा डावीकडे वाकडा’ असं आलं. एका डॉक्टरांनी सायनसचं ऑपरेशन सुचवलंय. फिजिओथेरपिस्ट म्हणतात मानेच्या मणक्यांची झीज आहे. नक्की काय समजायचं? ऑपरेशन करून टाकू का? आणि रोज जलनेती केली तर चालेल का?
— एक वाचक, वारजे

ताई, पत्रावरून निदान करता येत नाही, आणि करूही नये. पण तुम्ही लिहिलेल्या खुणा एकीपुढे एक मांडल्या तर त्या सायनसकडे कमी आणि अर्धशिशीकडे, म्हणजे मायग्रेनकडे जास्त बोट दाखवतात. मानेचं दुखणं हा बहुधा वेगळा आजार नसून त्याच दुखण्याचा भाग आहे. त्यावर थेंबांनी आणि गोळ्यांनी आपली दोन दुखणी वाढवून ठेवली आहेत. ऑपरेशन आज ठरवण्यासारखं काही पत्रात दिसत नाही.

आधी सायनसचा जंतुसंसर्ग खरोखर कसा असतो ते पाहा. तो सर्दीच्या पाठोपाठ येतो. नाकातून किंवा घशात मागच्या बाजूने घट्ट, पिवळा-हिरवा शेंबूड उतरतो, नाक बंद होतं, वास कळेनासा होतो, गालावर किंवा वरच्या दाढांत दुखतं, कधी ताप असतो. सर्दी दहा दिवस उलटूनही तसूभर कमी झाली नाही, किंवा पाच-सहा दिवसांनी बरं वाटायला लागून अचानक पुन्हा बिघडलं, तर जंतूंचा संशय घ्यायचा. सुरुवातीलाच 39 अंशांचा ताप, पूसारखा स्राव आणि चेहऱ्यावर दुखणं सलग तीन-चार दिवस राहिलं, तरीही. नुसता शेंबूड हिरवा झाला म्हणून जंतू झाले असं होत नाही. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो हिरवा होतो, कारण त्यात आपल्याच पांढऱ्या पेशी असतात. असा संसर्ग आठवडा-दोन आठवडे चालतो. तुमचं दुखणं दिवस-दोन दिवसांत आपोआप ओसरतं, महिन्यातून पाच-सहा वेळा येतं आणि घट्ट स्रावाचा पत्रात उल्लेखही नाही. असे सायनसचे झटके महिन्याला पाच-सहा येत नाहीत. तीन अँटिबायोटिकांनंतरही दुखणं तिथंच आहे, यातही बरंच उत्तर आहे.

मग नाक का चोंदतं, डोळ्याला पाणी का येतं? मायग्रेनमध्ये चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस चेतवली जाते. तिच्या चेतवण्याचा पलटवार म्हणून नाकाच्या आणि अश्रुग्रंथींच्या रक्तवाहिन्या फुगतात, नाक गच्च होतं, पाणी वाहतं. म्हणजे नाक खरोखर बंद होतं, तुमच्या मनाचा तो खेळ नाही. फक्त ते दुखण्याचं कारण नसून परिणाम असतं. वाकल्यावर दुखणं वाढणं हीसुद्धा सायनसची खास खूण नाही. मायग्रेनवाल्यांना जिना चढताना, खोकताना, वाकताना हाच ठणका लागतो. 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांनी स्वतः किंवा डॉक्टरांनी ‘सायनसची डोकेदुखी’ असं म्हटलं होतं अशा 2,991 जणांची तपासणी केली, तर 88 टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या निकषांत बसलं. हा प्रकार तुमच्या एकटीचा नाही.

मानेचं गणितही असंच. मानेच्या वरच्या तीन मणक्यांतून येणाऱ्या नसा आणि चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस मेंदूच्या बुंध्यात एकाच ठिकाणी पोचतात. दोन बिऱ्हाडांना मिळून एकच बेल असली की पाहुणा कोणाकडे आलाय ते आत बसलेल्याला कळत नाही, तसंच मेंदूचं होतं. मान दुखली तर डोळ्यामागे जाणवतं आणि मायग्रेन सुरू झालं तर मान धरते. पुष्कळांची मान डोकं दुखण्याच्या काही तास आधीच जड होते, आणि मग ‘मानेपासूनच सुरू झालं’ असा पक्का समज होतो. एक्स-रेत झीज दिसणं चाळिशीच्या आसपास इतकं सर्रास आहे की दुखणं नसलेल्यांतही ती सापडते. तेवढ्यावरून मानेला आरोपी करता येत नाही.

सीटी स्कॅनचंही तेच. अस्तराची किंचित सूज काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या स्कॅनमध्येही बऱ्याचदा दिसते, नुकती सर्दी होऊन गेली असेल तर हमखास. पडदा थोडा वाकडा नसलेलं नाक शोधूनच काढावं लागेल. सायनसचा साधा एक्स-रे तर जवळपास निरुपयोगी आहे. धूसरपणा म्हणजे सूज, पाणी, की फोटो काढताना डोकं तिरकं झालं, हे त्यावरून सांगता येत नाही.

आता तीन प्रश्नांची उत्तरं स्वतःला द्या. गेल्या तीन महिन्यांत डोकं दुखत असताना मळमळलं का? उजेड नेहमीपेक्षा जास्त खुपला का? दुखण्यापायी एखादा दिवस तरी काम अर्धवट राहिलं का? तिन्हींपैकी दोन ‘हो’ असतील तर मायग्रेनची शक्यता बरीच वाढते. उलटीनंतर बरं वाटणं ही मायग्रेनची जुनी खूण आहे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ती पित्ताच्या खात्यात जमा होते, आणि सासूबाईंचं निरीक्षण अचूकच आहे, चूक फक्त खात्याची. आणखी एक तपासा: झटके पाळीच्या दोन दिवस आधी ते तिसऱ्या दिवसापर्यंत जास्त येतात का? तसं असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक किंवा आंधळा ठिपका येत असेल तर तेही सांगा, आणि मग इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्या जोडीने पक्षाघाताचा धोका वाढतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग, गोळ्यांचा. सर्दीच्या एका गोळीत सहसा तीन औषधं असतात: पॅरासिटामॉल, झोप आणणारं क्लोरफेनिरामिन आणि नाक मोकळं करण्यासाठी फिनायलेफ्रिन. काहींत वर कॅफिनही. तिसऱ्याचा तोंडाने घेऊन नाकावर काहीच परिणाम होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध नियंत्रकांच्या सल्लागार समितीने 2023 मध्ये काढला. डोकेदुखीच्या हिशेबात अशी मिश्र गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, किंवा साधं पॅरासिटामॉल पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं की औषधच डोकं दुखवायला लागतं. गोळीचा असर उतरला की दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. तुम्ही दहाच्या पुढे गेलेल्या आहात. त्यामुळे मूळ झटके पाच असले तरी दुखण्याचे दिवस पंधरा होतात, आणि कोणतंही प्रतिबंधक औषध नीट लागू पडत नाही.

गोळ्या बंद केल्यावर पहिले दोन ते दहा दिवस दुखणं वाढतं, मळमळतं, झोप उडते. बहुतेक जण इथेच हरतात. म्हणून हे कामाच्या घाईच्या आठवड्यात सुरू करू नका, आणि डॉक्टरांना सांगून करा. ते त्या दिवसांपुरतं वेगळ्या गटातलं औषध देऊ शकतात किंवा त्याच वेळी प्रतिबंधक सुरू करू शकतात. गोळीत कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असेल, किंवा झोपेची गोळी रोजची असेल, तर एकदम तोडू नका. ती हळूहळूच उतरवावी लागते. मेडिकलवाल्याने ‘डोक्याची’ म्हणून दिलेल्या सुट्या गोळ्यांची स्ट्रिप मागून नाव वाचा. कापलेल्या स्ट्रिपवर नाव उरतच नाही, ही या दुकानदारीतली खोडच आहे.

थेंबांचं प्रकरण वेगळं. झायलोमेटॅझोलिन आणि ऑक्सिमेटॅझोलिनचे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करून नाक मोकळं करतात. सलग तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले की थेंब संपल्यावर त्या रक्तवाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. दीड वर्ष रोज म्हटल्यावर आता नाक चोंदतंय ते बऱ्याच अंशी थेंबांमुळेच. ते सोडवण्याची एक चांगली रीत आहे. आधी दोन आठवडे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकाचा स्प्रे डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज वापरा, कारण त्याचा पूर्ण परिणाम यायला तेवढा वेळ लागतो. मग एका नाकपुडीतले थेंब बंद करा, दुसरीत चालू ठेवा. पहिली नाकपुडी मोकळी झाली की दुसरीतले बंद करा. साधारण आठवडाभर, कधी दोन आठवडे ती नाकपुडी गच्च राहते. रात्री उशीला थोडी उंची द्या आणि मिठाचं पाणी वापरा.

हा स्प्रे पुष्कळ जण चुकीचा मारतात. डोकं मागे टाकलं की औषध घशात जातं आणि कडू लागतं. डोकं किंचित पुढे झुकवा, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा. म्हणजे नळीचं टोक मधल्या पडद्याकडे न जाता त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. हलका श्वास घ्या, जोरात हुंगू नका. टोक सतत पडद्यावर लागलं तर नाकातून रक्त येतं, आणि मग ‘स्प्रे सोसत नाही’ म्हणून लोक तो सोडून देतात.

जलनेतीबद्दल विचारलंत. चालेल, दिवसातून एकदा, पण पाण्याची शिस्त कडक ठेवा. खडकवासल्याचं पाणी शुद्ध होऊन येतं खरं, पण सोसायटीच्या टाकीतून नळाला आलेलं पाणी निर्जंतुक नसतं, आणि घरचा फिल्टरही ते तसं करत नाही. पाण्यातला एक अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून वर चढला तर मेंदूत पोचून जीव घेऊ शकतो. केरळात गेल्या काही वर्षांत अशा आजाराने माणसं दगावली आहेत. म्हणून पाणी खळखळून उकळी फुटल्यापासून एक मिनिट उकळा, झाकून कोमट होऊ द्या. अर्धा लिटर पाण्याला 4.5 ग्रॅम मीठ, म्हणजे पाच मिलिलिटरच्या चमच्याने सपाट पाऊण चमचा. जोडीला चिमूटभर खायचा सोडा. मीठ साधं, आयोडीन आणि इतर भर नसलेलं घ्या. मोजमाप नको असेल तर दुकानात तयार पुड्या मिळतात. नाक झोंबलं तर मीठ बहुधा कमी-जास्त झालेलं असतं किंवा पाणी फार गार-गरम. बेसिनवर पुढे वाकून मान एका बाजूला कलवा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या, वरच्या नाकपुडीत पाणी सोडा. ते खालच्यातून येईल. जोर लावलात तर पाणी कानाकडे जातं आणि कान बंद झाल्यासारखा वाटतो. शेवटी पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवूनच हलकं शिंकरा, एक दाबून जोरात नाही. स्प्रे मारायचा असेल तर त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी. नेतीचं भांडं धुऊन पूर्ण कोरडं करून ठेवा, ओलं तसंच कपाटात नको. नाक पूर्ण बंद असताना किंवा कान दुखत असताना नेती नको. मायग्रेनवर तिचा थेट उपाय काही नाही. धूळ, परागकण धुऊन टाकते एवढंच तिचं काम. वाफेचा पुरावा तर त्याहून दुबळा, आणि उकळत्या पातेल्यावर टॉवेल घेऊन बसण्यात भाजण्याची जोखीम मात्र खरी. लहान मुलं आसपास असतील तर ती सवय मोडाच.

झटका आल्यावर काय घ्यायचं? जे घ्यायचं ते सुरुवातीलाच, दुखणं हलकं असताना, आणि पुरेशा मात्रेत. अर्धी गोळी दोन तासांनी, मग पुन्हा अर्धी, हा प्रकार सर्वांत वाईट. पॅरासिटामॉल 1000 मिलिग्रॅम एकदाच (वजन 50 किलोपेक्षा कमी असेल तर 650), किंवा नॅप्रोक्सेन 500 मिलिग्रॅम खाऊन झाल्यावर. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा त्रास, हृदयविकार, वेदनाशामकाने चढणारा दमा किंवा गर्भधारणा असेल तर नॅप्रोक्सेन नाही. उलट्या होत असतील तर गोळी पोटात टिकत नाही, म्हणून उलटीचं औषध आधी लागतं, तेही डॉक्टरांकडून. या साध्या गोळ्यांनी दोन-तीन झटक्यांत भागलं नाही तर सुमाट्रिप्टान किंवा रिझाट्रिप्टानविषयी विचारा. ही औषधं खास मायग्रेनची, पण हृदयरोग, पूर्वीचा पक्षाघात किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर देत नाहीत. काहीही घेतलं तरी आठवड्यात दोन दिवसांच्या वर नको.

महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस दुखणं कामाच्या आड येत असेल तर रोजचं प्रतिबंधक औषध घेण्यात अर्थ आहे. त्यात अमिट्रिप्टिलिन (रात्री 10 मिलिग्रॅमपासून), प्रोप्रॅनोलॉल, फ्लुनारिझिन, टोपिरामेट असे पर्याय आहेत. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नाही. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर टोपिरामेट नाही. ठरलेल्या मात्रेवर किमान आठ आठवडे दिल्याशिवाय ‘लागू पडलं नाही’ म्हणू नका. ही औषधं पहिल्या आठवड्यात काहीच करत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच ती सोडली जातात.

मानेकडेही दुर्लक्ष नको. दुखण्याचं मूळ नसली तरी ती आगीत तेल ओतते. आधी हेल्मेट पाहा. कपाळावर घट्ट बसणारं हेल्मेट घातल्यावर तासाभरात कपाळ दुखायला लागलं आणि काढल्यावर तासाभरात थांबलं, तर ती दाबाची डोकेदुखी आहे. एक माप मोठं घ्या. गालाच्या गाद्या घट्ट चालतील, कपाळ दबता कामा नये. हेल्मेट घालायचंच, हे वेगळं सांगायला नको.

लॅपटॉप मांडीवर किंवा सपाट टेबलावर असला की डोकं पुढे झुकून राहतं, आणि डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येईपर्यंत लॅपटॉप पुस्तकांवर चढवा, साधारण 12 ते 15 सेंटिमीटर. मग स्वतंत्र कीबोर्ड आणि माउस लागतीलच. ते नसताना लॅपटॉप उंच केला तर खांदे वर चढतात आणि मान आणखी धरते. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं उठा. झोपताना उशी एकच. कुशीवर झोपल्यावर नाक आणि छाती एका रेषेत राहतील एवढी उंच. पोटावर झोपणं मानेला सर्वांत वाईट.

व्यायाम दोनच करा, पण नीट. पहिला: जमिनीवर उताणं झोपा, डोक्याखाली टॉवेलची दोन-तीन सेंटिमीटरची घडी. डोकं न उचलता, ‘हो’ म्हणताना मान हलते तितकीच हनुवटी गळ्याकडे आणा. दहा सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. गळ्याच्या बाजूंना बोटं ठेवून पाहा. तिथले दोन जाड स्नायू दगडासारखे झाले तर जोर जास्त लागतोय. तेवढ्यावर थांबायचं, त्याहून कमी करायचं. श्वास रोखायचा नाही. दुसरा: भिंतीला पाठ लावून खांद्याची पाती मागे आणि खाली ओढा, खांदे कानाकडे चढू न देता दहा सेकंद, तेही दहा वेळा. रोज एकदा, सहा आठवडे. फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात. दुखऱ्या मानेवर 15 मिनिटं शेक चालतो. पिशवीला टॉवेल गुंडाळा. झटक्याच्या ऐन भरात मात्र काहींना मानेवर बर्फ बरा वाटतो. दोन्ही करून पाहा. मान गरगर फिरवणं, सर्वांगासन, हलासन तूर्त बंद. सलूनमध्ये किंवा मसाजवाल्याकडून मान कडकडा मोडून घेणं तर कायमचं बंद. त्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो.

मानच मूळ आहे का, हे फिजिओथेरपिस्ट पाहू शकतात. उताण्या स्थितीत मान पूर्ण पुढे वाकवून डोकं दोन्ही बाजूंना वळवतात. साधारण 40 ते 45 अंश वळायला हवं. एका बाजूला ते बरंच कमी असेल आणि वळवताना नेहमीचंच दुखणं उठत असेल, तर मानेच्या वरच्या सांध्यांचा दोष मानायला जागा आहे. एक्स-रेपेक्षा ही तपासणी जास्त सांगते.

पुण्याच्या राहणीतल्या काही गोष्टी झटका ओढवतात. चतुर्थी-एकादशीचा उपवास हा त्यांतला एक. उपवास सोडायचा नसेल तर दर तीन तासांनी काही खा, कोरडा उपास नको. चहा रोजच्या वेळेवर आणि रोजच्याएवढाच. शनिवार-रविवारी उशिरा उठून सकाळचा चहा अकराला झाला की डोकं दुखतं. झोपेची वेळ सुट्टीतही तीच. पावसाळ्यात भिंतीवरची बुरशी, एरवी रस्त्याच्या कामांची धूळ आणि मोकळ्या जागांवरचं गाजरगवत नाकाला छळतं. हे गवत भारतात पहिल्यांदा नजरेत आलं ते 1950च्या दशकात पुण्यातच. सकाळी सलग शिंका, नाकाला-डोळ्यांना खाज असेल तर ॲलर्जी आहेच, आणि तिचा स्प्रे घेतल्यावर नाक सुधारेल. डोकं सुधारेलच असं नाही. चॉकलेट, चीज वगैरेंच्या लांब याद्या वाचून अन्न तोडत बसू नका. शेवटी सांगितलेल्या नोंदवहीत तीन वेळा तीच गोष्ट आली तरच ती वगळा.

काही खुणा दिसल्या तर हे सगळं बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठा. काही सेकंदांत शिगेला पोचलेली, आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी. तापाबरोबर मान इतकी ताठ की हनुवटी छातीला लागत नाही. हात-पाय लुळे पडणं, बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं, शुद्ध हरपणं. डोळ्याभोवती सूज किंवा डोळा बाहेर आल्यासारखा दिसणं, कपाळावर मऊ फुगवटा. लाल, दगडासारखा कडक लागणारा, दुखणारा डोळा आणि दिव्याभोवती रंगीत कडी. मधुमेह असून गाल दुखतो, बधिर होतो, नाकात काळी खपली दिसते, तर एक दिवसही थांबू नका. 2021 मध्ये काळ्या बुरशीने महाराष्ट्रात काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, विशेषतः चावताना जबडा दुखत असेल तर, त्याच दिवशी दाखवायची. गाडीवरून पडल्यावर किंवा मान मोडून घेतल्यावर नव्याने दुखणारी मान आणि डोकंही याच यादीत. आणि एकाच बाजूच्या गालात दुखून नाकातून घाण वास येत असेल तर आधी दंतवैद्याकडे जा. वरच्या दाढेचा संसर्ग सायनसमध्ये उतरतो आणि दाढ तशीच ठेवून सायनस बरा होत नाही.

ऑपरेशनकडे येऊ. ते करण्यासारखी कारणं असतात: बारा आठवड्यांहून जास्त चाललेला सायनसायटिस, दुर्बिणीने तपासल्यावर दिसणारा पू किंवा मांसल गाठी, बुरशीचा गोळा, योग्य औषधं नीट घेऊनही न हटलेली सूज. पडद्याचं ऑपरेशन नाक बंद राहतं म्हणून करतात, डोकं दुखतं म्हणून नाही. मूळ मायग्रेन असेल तर नाक कितीही मोकळं केलं तरी काही महिन्यांत डोकं पुन्हा धरतं, आणि मग ‘ऑपरेशन फेल गेलं’ म्हणत दुसऱ्याची तयारी होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दोन गोष्टी विचारा: दुर्बिणीच्या तपासणीत नेमकं काय दिसलं, आणि डोकं दुखत असताना नाकात पू होता का. दुसरं मत न्यूरोलॉजिस्टचं घ्या. ऑपरेशनची तारीख घेतली असेल तर तीन महिने पुढे ढकला. थेंब सोडायला, गोळ्या कमी करायला आणि एका प्रतिबंधक औषधाला संधी द्यायला तेवढा वेळ पुरतो.

त्या तीन महिन्यांत वहीत दर दुखण्याच्या दिवशी एकच ओळ लिहा: तारीख, सुरू झालं ती वेळ, किती तास, कुठे, 10 पैकी किती, उजेड किंवा मळमळ, नाकातून काय आलं, कोणती गोळी किती वाजता, पाळीचा कितवा दिवस. ही वही, सीटीची फिल्म (नुसता रिपोर्ट नव्हे) आणि घरातल्या सगळ्या अर्धवट स्ट्रिप्स पिशवीत घालून दोन्ही डॉक्टरांकडे न्या.